आप्पा, आधी त्याला त्याच्या नावानं हाक मार

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय आप्पा,

"तू डॉक्टर आहेस, काहीतरी गोळी दे आणि हे खूळ तिच्या डोक्यातनं काढ," असं तू फोनवर म्हणालास. 'मी मुलगी नाही, मुलगा आहे' असं तुझ्या लेकरानं घरात सांगितलं, त्याला तू खूळ म्हणतोयस. रागात म्हणालास असं धरतो. अशी गोळी नाही, आणि असती तरी मी दिली नसती. फोनवर तू कुणाला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. पोराला विचारूनच लिहितोय. त्यानं दवाखान्यात सांगितलेलं सगळं काही इथं येणार नाही, ते त्याच्यापाशीच राहू दे. आणि मी 'तो' असंच लिहिणार आहे. खटकलं तरी पुढं वाच.

आधी तब्येतीचं. तो माझ्याकडं आला तो बरगड्या दुखतात म्हणून. जिना चढताना धाप लागत होती. तपासायला शर्ट वर केला तर छातीला क्रेप बँडेज, एकावर एक दोन. सकाळी कॉलेजला जाताना बांधायचं ते रात्री झोपेतही तसंच. काखेखालची कातडी सोलवटलेली. अरे, ते बँडेज मुरगळलेल्या पायाला बांधायचं असतं. छातीला बांधलं की हालचालीनं आणखी आवळत जातं, श्वास पुरा घेता येत नाही. यासाठी बाइंडर म्हणून वेगळी बनियन मिळते, नाहीतर मापाची स्पोर्ट्स ब्रा चालते. सात-आठ तासांच्या वर नको, झोपताना नको, आणि फुटबॉल खेळताना तर मुळीच नको. वहिनींना सगळं समजावून सांगितलंय. त्यांनी तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकलं.

दुसरं म्हणजे तो दिवसभर पाणीच पीत नव्हता. मुलींच्या बाथरूममध्ये गेला की पोरी कुजबुजतात, मुलांच्या बाथरूममध्ये जायची भीती. मग लघवी दाबून धरायची. जळजळ होत होती, घरात कुणाला पत्ता नाही. पाळीचे चार दिवस तर तो कॉलेजलाच जात नाही. त्यालाही उपाय आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून पाळी थांबवणारी औषधं देतात, ती बंद केली की पाळी परत सुरू होते.

तुला धास्ती आहे ती ऑपरेशनची. आज घरात कुणी ऑपरेशनचं नाव काढलेलं नाही, तूच काढतोयस. ते सज्ञान झाल्यावरचं. हार्मोनच्या बाबतीत मीही सावध आहे. टेस्टोस्टेरॉननं घोगरा झालेला आवाज पुन्हा बारीक होत नाही, म्हणून तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनचे डॉक्टर यांच्यासोबत, वेळ घेऊनच करायचा. वयात येणं लांबवणाऱ्या औषधांवरही जगभर वाद आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं 2024 मध्ये ती अशा मुलांना सरसकट देणं थांबवलं. पोराला एवढंच बजावलंय, इंटरनेटवरनं काही मागवून टोचून घ्यायचं नाही. 'हो' म्हणालाय.

आणि तो 'सुधारून देतो' म्हणणारा डॉक्टर, ज्याचा नंबर तुझ्या साहेबानं दिला, त्याच्या पायरीला जाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच असं असणं मानसिक आजारांच्या यादीतनं काढलं. असले 'उपचार' म्हणजे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये कळवलंय. आपण कोण आहोत हे ज्याचं त्यानं सांगायचं, हे सुप्रीम कोर्टानं 2014 लाच म्हणून ठेवलंय.

आता काकूंचं. गंमत म्हणजे या सगळ्यात तुझ्या आईला धक्का बसलाच नाही. त्यांनी जन्मभर मार्गशीर्षात यल्लमाच्या सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या बघितल्यात, दारात देवीचा जग घेऊन आलेल्या, देवीला सोडलेल्या, लुगडं नेसलेल्या जोगत्याला सुपातनं जोंधळे घातलेत, पाया पडल्यात. त्यांच्या लेखी माणूस असाही असतो. पण त्यावरचा त्यांचा उपाय तोच जुना : "आईचं वारं असंल, गळ्यात दर्शन बांधूया." दर्शन म्हणजे देवीला सोडल्याची माळ. मी त्यांच्याशी तासभर बोललो. म्हटलं, काकू, जोगत्याच्या पाया पडता, पण त्याला पंगतीला शेजारी बसवलं का कधी? गप्प झाल्या. जोगत्यांबद्दल मला आदर आहे, ज्यांना घरानं हाकललं त्यांना देवीच्या दारात तरी जागा मिळाली. पण आपल्या पोराला घर आहे, बारावी आहे, त्याला कशाला कुठं सोडायचं? शिवाय देवीला सोडणं 2005 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाल्या, "काय नाव ठेवलंय त्यानं? सांग मला, विसरतंय."

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्याच तोंडनं ऐक आणि त्या नावानं हाक मार. ही नुसती भावनेची गोष्ट नाही. अमेरिकेत 15 ते 21 वयाच्या 129 अशा मुलांचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला : ज्यांना घरी, शाळेत, मित्रांत निवडलेल्या नावानं हाक मारतात, त्यांच्यात नैराश्य आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार कमी आढळले. फुकटचं औषध आहे, आप्पा. तुझी जीभ अडखळंल, अडखळू दे. आपल्याकडं पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतातच, त्यामुळं त्याचं बोलणं तुला लहानपणापासनं कानाला वेगळं लागलंच नाही. आता तू 'आलास का रे' म्हण, एवढंच.

'लोक काय म्हणतील' यावर काय लिहू? माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 मध्ये तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. खेडं ते, आपल्या पेठेपेक्षा लहान.

एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. झोप उडाली, जेवण तुटलं, उन्हाळ्यातही लांब बाह्या, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, यातलं काही दिसलं तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात विचार येत नाही, असला तर बाहेर येतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 नंबर वहिनींच्या आणि त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय. रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. तूही घालून ठेव, तुलाही लागंल.

शनिवारी अकरा वाजता कॉलेजात प्राचार्यांची वेळ घेतलीय. बाथरूमचं, हजेरीच्या नावाचं आणि त्या चिडवणाऱ्या पोरांचं बोलायचंय. स्टाफच्या बाजूचं बाथरूम कुलूप लावून पडलंय, त्याची किल्ली मागायची असं माझ्या मनात आहे. मी येतो, पण फॅमिली डॉक्टर बोलणं वेगळं आणि बाप बोलणं वेगळं. शुक्रवारची महालक्ष्मी पकड, सकाळी उतरशील. स्टेशनवर घ्यायला तोच येणार आहे, माझी स्कूटर घेऊन.

तुझा,
बापू