लेहमधली विश्रांती, मूत्रपिंडाची लगबग

महोदय,

लेहला निघालेल्या पर्यटकांसाठी ‘पहिले दोन दिवस विश्रांती घ्या’ ही सूचना वर्तमानपत्रांत नेमाने येते. त्या दिवसांत शरीरात काय चालतं, ते मात्र क्वचितच वाचायला मिळतं. साडेतीन हजार मीटरवरच्या विरळ हवेची चाहूल मूत्रपिंडाला काही तासांतच लागते आणि तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं. नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला मात्र दिवस जातात.

ही चाहूल लागते कशी, तीच खरी गंमत. आपल्या पेशी ‘हिफ’ नावाचं प्रथिन सतत बनवतात आणि ऑक्सिजन पुरेसा असला की काही मिनिटांत मोडूनही टाकतात. मोडण्यासाठी त्यावर खूण करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजनच लागतो. तो कमी पडला की खूण होत नाही, हिफ साचतं आणि केंद्रकात जाऊन एरिथ्रोपोएटिनसारखी जनुकं चालू करतं. बनवायचं आणि फेकायचं, हा उधळेपणाच म्हणा ना. पण म्हणूनच पेशीला ऐनवेळी धावाधाव करावी लागत नाही. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

मूत्रपिंडं निकामी झाली की हे संप्रेरक कमी पडतं, म्हणून अनेक डायलिसिस रुग्णांना रक्तक्षयावर इंजेक्शनं घ्यावी लागतात. हिफवर खूण करणाऱ्या विकराला रोखून हिफ साचू देणारी डेसिडुस्टॅट ही गोळी भारतात २०२२ मध्ये मंजूर झाली. आपल्या आरोग्य पुरवणीत मूत्रपिंडतज्ज्ञाकडून यावर लेख लिहून घ्यावा. या गटातल्या औषधांमुळे संभवणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांबद्दलही त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं.

– एक वाचक, सातारा