लॅप नव्हे, सामी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘नॉर्दर्न लाइट्स’ पाहायला निघणाऱ्यांसाठी लेख होता, तो आवडीने वाचला. थंडीचे कपडे, कॅमेऱ्याची बॅटरी, कुठून कुठे उतरायचं, सगळं नीट सांगितलं आहे. पण ‘रेनडिअर पाळणारी, नामशेष होत चाललेली लॅप जमात’ हे एक वाक्य घशात अडकलं. ‘लॅप’ हा शब्द त्या लोकांना अपमानाचा वाटतो, उत्तर युरोपातले हे मूळ रहिवासी स्वतःला सामी म्हणवतात. रेनडिअर पाळणारा त्यांच्यात दहातला एखादाच. बाकीचे मासेमारी करतात, शाळेत शिकवतात, ऑस्लोत नोकऱ्या करतात. आणि नामशेष व्हायचं म्हणाल, तर आकडे वेगळंच सांगतात.

नॉर्वेत सामींच्या संसदेची, म्हणजे देशाच्या संसदेहून वेगळ्या, त्यांनी स्वतः निवडून दिलेल्या सभेची, पहिली निवडणूक १९८९ साली झाली, तेव्हा मतदार यादीत ५,५०५ नावं होती. २०२१ च्या निवडणुकीत ती वीस हजारांवर गेली. बत्तीस वर्षांत काही एवढी पोरं जन्माला आली नाहीत. घरातल्या घरात दडवून ठेवलेली ओळख लोकांनी बाहेर काढली.

दडवावी का लागली? १९०२ च्या कायद्याने नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्कमधली सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, लिहिता, वाचता येणं सक्तीचं केलं. मुलांना वसतिशाळांत घातलं, तिथे घरची भाषा चालत नसे. उत्तर किनाऱ्यावर तर विलक्षणच घडलं. १९३० च्या खानेसुमारीत जिथे सामी भरपूर होते, अशा काही गावांत १९५० पर्यंत तो रकाना जवळजवळ रिकामा झाला. माणसं तीच, घरं तीच. आईबापांनी पोरांशी मायबोलीत बोलणं थांबवलं, एवढंच. पुढे त्याच किनाऱ्यावरच्या कोफ्योरमध्ये दोन भाषांतल्या पाट्या लागल्या, तेव्हा कुणी त्यांवर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या. आणि त्याच कोफ्योरमध्ये तरुण पोरांनी १९९१ साली ‘रिद्दु रिद्दु’ हा महोत्सव सुरू केला, तो आजही दर उन्हाळ्यात भरतो.

म्हणून मला त्या मतदार यादीचा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ‘मी स्वतःला सामी समजतो’ असं लिहून द्यायचं, आणि आपली, आईबापांची, आजीआजोबांची किंवा पणजीपणजोबांची घरची भाषा सामी होती, हे सांगायचं. रक्त तपासत नाहीत, रेनडिअर मोजत नाहीत. सरकारने दोन-तीन पिढ्यांची जीभ कापली, म्हणून नियम आणखी एक पिढी मागे जाऊन पणजीची साक्ष काढतो. ज्याला आज सामीतला एक शब्द येत नाही, तोही तिच्यामुळे मतदार होऊ शकतो.

वाद नाहीत असं मुळीच नाही. फिनलंडमध्ये कुणाला यादीत घ्यायचं यावर सामी संसद आणि तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय यांचं जुंपलं. न्यायालयाने संसदेच्या मनाविरुद्ध नावं घातली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यात सामींच्या हक्कांचा भंग झाल्याचं म्हटलं. आपण कोण हे ठरवण्याचा हक्कसुद्धा भांडून मिळवावा लागतो. नॉर्वेची सामी संसद तरी कुठे आयती मिळाली? आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ साली सामी तरुण ऑस्लोत नॉर्वेच्या राष्ट्रीय संसदेसमोर उपोषणाला बसले होते. धरण झालंच, पण त्या भांडणातून दहा वर्षांनी सामींची ही संसद उभी राहिली.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने का लिहितो, तर मी अकरा वर्षं मेळघाटातल्या आश्रमशाळेत मास्तर होतो. वर्गात कोरकू बोलणाऱ्या पोराला ‘मराठीत बोल’ म्हणून मी कितीदा गप्प केलं, त्याची गणती नाही. तेव्हा ते शिस्तीचं वाटे. त्या पोरांची पोरं आता शाळेत असतील. घरी ती काय बोलतात, हे विचारायची मला हिंमत होत नाही.

असो. दुरुस्ती छापणार असाल तर फोटोखालची ओळही बदलावी. त्या मुलीच्या अंगातला निळा-लाल पोशाख ‘लोकनृत्याचा वेश’ नाही. त्याला गाक्ती म्हणतात. त्याची फीत आणि काठ बघून जाणता माणूस ती कुठल्या भागातली हे सांगू शकतो. सणाला, लग्नाला आणि मोर्चालाही तो घालतात. २०२३ साली सामींच्या रेनडिअरच्या कुरणांत उभारलेल्या फोसेनच्या पवनचक्क्यांविरुद्ध ऑस्लोत मंत्रालयाच्या दारात बसलेल्या तरुणांच्या अंगातही गाक्तीच होती.

आपला एक जुना वाचक,
अमरावती