दिल्या, तुझ्याकडं एक काम आहे

प्रिय दिल्या,

शुगर गोळीवर आहे, आई ठीक, जुई डिझाइन शिकतेय आणि खूश आहे. आता मुद्द्याचं.

वैष्णवी पीएचडी सोडायचं म्हणतेय. काल केबिनमध्ये आली, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर दाखवलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल तसं." तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. सुजाता म्हणते, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, फेलोशिप कित्येक महिने अडकलेली, तिला धरून ठेवणारे तुम्ही कोण? बरोबर आहे तिचं. पण ती कशावर काम करतेय ते तुला सांगायला पाहिजे का?

कोयना रे. आपला तोच नेक, धरणाची वरची निमुळती मान. १०३ मीटर उंच धरण, आणि जिथं मागचा उतार एकदम बदलतो बरोबर तिथंच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात पुढून आणि मागून तडे गेले. डिझाइनला खालपासून वरपर्यंत भूकंपाच्या जोराचा एकच गुणांक धरलेला, ०.०५, म्हणजे माथा पायापेक्षा किती जास्त हलेल हा प्रश्नच नव्हता, आणि धरणाच्या आतल्या यंत्रानं नदीच्या दिशेनं ०.४९ जी, म्हणजे गुरुत्वाच्या जवळजवळ निम्मा प्रवेग, दाखवला. त्यावरचा चोप्रा-चक्रबर्तींचा १९७३ चा पेपर आपण रुरकीच्या हॉस्टेलवर किती रात्री फोडला, आणि माझी पेन्सिलच्या खुणांची झेरॉक्स तू मस्कतला नेलीस ती अजून परत येतेय! आता अबॅकस सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्येच कोयना सोडवलेलं आहे, जगभरातली पोरं तेच एक सेक्शन रन करतात. ही मात्र शेजारशेजारचे कमीजास्त उंचीचे मोनोलिथ, म्हणजे धरणाचे सुटे उभे ठोकळे, एकत्र घेऊन त्यांच्यामधले जॉइंट बसवतेय. रन झाला की प्रिंट काढून भिंतीवर लावते, शेजारी ६७ च्या तड्यांचं स्केच, आणि जिथं जुळत नाही तिथं लाल पेनानं गोल करते. गोलच जास्त आहेत सध्या, पण हलत नाही पोरगी.

दिवाळीत घरी आली होती. आई तेव्हा पाटणला नवी नवरी, भिंत पडली ती गोष्ट तू शंभरदा ऐकलीयस. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, मांडणीवरची भांडी कुठल्या बाजूला पडली?" आईनं क्षणभर डोळे मिटले आणि हातानं दाराकडं दाखवलं. असा प्रश्न विचारणारं पोर पुन्हा मिळेल का रे मला? सिव्हिलला यायलाच कोणी तयार नाही, जागा रिकाम्या राहतात, आणि माझा अर्धा दिवस एनबीएच्या मान्यतेच्या फायली भरण्यात जातो. रिटायर व्हायच्या आत एवढं एक काम पुरं झालेलं बघायचंय मला.

तू मस्कतला गेलास तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि माझं मत आजही तेच आहे, तू जायला नको होतंस, नॉनलिनियर अ‍ॅनालिसिसमध्ये तुझ्याइतकं डोकं आपल्या बॅचमध्ये कुणाचंच नव्हतं. चिडू नकोस लेका. आपल्या गाइड सरांनी तुला अडवलं नाही म्हणून मी सरांवरही रागावलो होतो. आता त्यांच्या खुर्चीत मी बसलोय आणि तोंडातून ना 'थांब' निघतंय ना 'जा'.

म्हणून काम तुझ्याकडं. वैष्णवीला रविवारी फोन कर, दुपारी दोननंतर, सकाळी ती गावी आईला मदत करते. नंबर व्हॉट्सॲपला टाकतो. माझी बाजू घेऊ नकोस. सोडल्यावर पहिली दोन वर्षं कशी गेली, पैसे आल्यावर घरी काय बदललं, परत यावंसं कधी वाटलं का, सगळं खरं सांग तिला. मला सांगितलं नाहीस तेही सांग. काय बोललात ते मी विचारणार नाही. सोमवारी ती जे म्हणेल त्यावर सही करेन, आणि थांबली तर फेलोशिप येईपर्यंत तिचा महिन्याचा खर्च मी बघेन, सुजाताशी बोलणं झालंय.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? अमेयला पीआर मिळाला म्हणे, अभिनंदन सांग.

रविवारी विसरू नकोस. आणि डिसेंबरात येशील तेव्हा झेरॉक्स आण.

तुझा,
सुध्या