बाकडी ओळीनं नकोत, काटकोनात हवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बागेत, चौकात, तालमीच्या दारात बसायच्या जागा वाढल्या तर आनंदच आहे. पण बाकडी बहुतेक वेळा भिंतीला पाठ लावून एका ओळीत बसवली जातात. ओळीत दोघांचं जमतं. तिसरा आला की मधल्याची मान दोन्हीकडं फिरत राहते आणि चौथा उभाच राहतो. रंकाळ्यावर पाणी बघत बसायला ओळ बरोबर आहे, गप्पांना नाही.

पाराचंही तेच. वडापिंपळाभोवतीच्या गोल पारावर बसलेल्यांची तोंडं बाहेर आणि पाठी एकमेकांकडं असतात. म्हणून पार पाडू नये. त्याच्यासमोर सव्वा ते दीड मीटरवर एक अर्धगोल बाक ठेवला की तोच पार बोलका होतो. (बुंध्याभोवतीची माती मात्र उघडी राहू द्यावी, काँक्रीट भिडवू नये.)

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातील एका मनोरुग्णालयात 1950च्या दशकात हाच प्रश्न अभ्यासला गेला. मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना दिसलं की, वॉर्डातल्या वृद्ध स्त्रिया भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दिवसभर गप्प बसून असायच्या. खुर्च्या छोट्या चौकोनी टेबलांभोवती मांडल्यावर त्यांच्यातलं बोलणं जवळपास दुपटीनं वाढलं. टेबलाच्या कोपऱ्याशी काटकोनात बसलेली माणसं जास्त बोलतात, हेही सॉमर यांनी दाखवलं. काटकोनात नजर भेटवताही येते आणि सहज काढूनही घेता येते. अनोळखी माणसांना ही मोकळीक फार लागते.

म्हणून दीड-दीड मीटरची दोन बाकडी काटकोनात ठेवावीत. पण ती कोपऱ्यात जोडू नयेत. गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून तिथं कुणी बसतच नाही. कोपरा 90 सेंटिमीटर मोकळा सोडला तर व्हीलचेअर घोळक्यातच येते, बाजूला पडत नाही. समोरासमोर ठेवायची असतील तर कडेपासून कडेपर्यंत 1.2 ते 1.5 मीटर अंतर हवं. त्याहून कमी असेल तर परका माणूस समोर बसायला संकोचतो. दोन मीटरच्या पुढं गेलं की रस्त्याच्या आवाजात ओरडावं लागतं, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. मेंदीच्या कुंपणानं रस्ता दिसायचा थांबतो, आवाज थांबत नाही. त्यासाठी रस्त्याच्या बाजूला दीड मीटरची भरीव भिंत लागते. ती एकाच बाजूला असावी. चहूबाजूंनी झाकलेल्या जागी संध्याकाळी बायका बसायला धजत नाहीत.

बैठकीची उंची 45 सेंटिमीटर, खोली 40 ते 45. बांधीव ओट्यात एक चूक हमखास होते: पुढची बाजू जमिनीपर्यंत सरळ उतरवतात. उठताना माणूस टाचा मागं घेतो आणि त्यासाठी बैठकीखाली किमान 10 सेंटिमीटर पोकळी लागते. ती नसेल तर म्हातारी माणसं एकदा अडकली की पुन्हा त्या ओट्याकडं फिरकत नाहीत. धरून उठायला बाकाच्या कडेला हातही हवेत. आपल्या पावसाचा विचार करून बैठकीला सेंटिमीटरभर उतार द्यावा, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. सावलीचं झाड पश्चिमेला लावावं. हायमास्टचा, म्हणजे उंच खांबावरच्या दिव्यांचा, उजेड डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांखाली सावल्या येतात. बोलणाऱ्याचा चेहरा दिसायचा असेल तर साडेतीन-चार मीटर उंचीचे, पिवळसर उजेडाचे दिवे बाजूला हवेत.

हे सगळं कागदावर ठरवण्याआधी त्या जागी आठवडाभर वीस-पंचवीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवा. लोक त्या कुठं ओढतात, कशा वळवतात ते सकाळ-संध्याकाळ बघून खडूनं खुणा करा आणि बाकड्यांचा पाया त्या खुणांवर घाला.

आपला,
एक वास्तुरचनाकार वाचक, कोल्हापूर