150 मिलीग्रॅम आयोडीन?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतील प्रदूषके आणि थायरॉइड यांवरील लेख वाचला. पर्क्लोरेट, नायट्रेट आणि थायोसायनेट ही रसायने आयोडाइडला थायरॉइडच्या पेशीत शिरण्यापूर्वीच कशी अडवतात, हे लेखिकेने सोपे करून सांगितले आहे, त्याबद्दल आभार. मात्र त्यावरून ‘प्रदूषक कोणतेही असो, आयोडीन वाढवा’ हा निष्कर्ष कसा निघाला, ते दोनदा वाचूनही उमगले नाही. आयोडीन पुरेसे असले तर दारातली ही अडवणूक कमी जाचते, हे खरे. पण पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांतील क्लोरीनयुक्त रसायने) किंवा फोममधील ब्रोमीनयुक्त अग्निरोधके यांचा हा उपद्रव त्या दारापाशी नाहीच. त्यांची रचना थायरॉक्सिनशी, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाशी, मिळतीजुळती असल्यामुळे शरीरात त्यांच्यापासून बनणारे पदार्थ रक्तातील वाहक प्रथिनावर त्याची जागा बळकावतात. तिथे आयोडीन वाढवून काय साधणार?

हे तावातावाने लिहिण्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझा टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारे संप्रेरक) थोडा जास्त, 5.8 आला होता आणि आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट निघाले होते. तेव्हा असाच एक लेख वाचून मी समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांत बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना आणि टीएसएच 14 वर गेला. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरे वाचली: एका गोळीत 500 मायक्रोग्रॅम, मी रोज दोन घेत होते. “कुणी सांगितले?” “पेपरात आले होते.” ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, रिपोर्टच्या मागे ‘गोळ्या बंद’ एवढेच लिहिले. पुढच्या तपासणीत माझ्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडली, म्हणजे माझे शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध लढत होते. आयोडीन अचानक फार वाढले की ग्रंथी संप्रेरकाची निर्मिती थोपवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत त्यातून सावरते, पण माझ्यासारखीची ग्रंथी तशीच अडकून पडू शकते. लेखात याविषयी अवाक्षर नाही.

ज्यांना आयोडीनची खरोखर चिंता करायला हवी, त्यांचाही उल्लेख नाही. गर्भाला पहिले काही महिने आईच्याच थायरॉक्सिनवर भिस्त ठेवावी लागते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणी रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते. धूम्रपान करणाऱ्या आईच्या दुधात तर धुरामुळे शरीरात वाढणाऱ्या थायोसायनेटमुळे आयोडीन कमी उतरते. एक परिच्छेद त्यांच्यासाठी ठेवला असता, तर पान काही फाटले नसते.

आता लेखासोबतच्या चौकटीविषयी. प्रौढांची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम असते; आपण ‘150 मिलीग्रॅम’ छापले आहे. म्हणजे हजारपट. मुद्रितशोधकांच्या कामात लुडबूड करण्याची माझी इच्छा नाही, परंतु कुणी ती चौकट कापून औषधांच्या कपाटाच्या दारावर चिकटवली असेल, तर काय? दुरुस्ती त्याच पुरवणीत आणि तेवढ्याच ठळक टायपात छापावी, ही विनंती.

आणि त्याच पानाच्या तळाशी समुद्री शेवाळाच्या गोळ्यांची जाहिरात होती, हा निव्वळ योगायोग आहे असे मी समजून चालते.

आपली,
एक जुनी वाचक