गोळी एवढीशी, मुदत पाच वर्षांची

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, रेडिएशन चालू असते तोवर सगळे विचारपूस करतात. मग रोजची एक गोळी सुरू होते, निदान पाच वर्षांसाठी, आणि बाई कोणाच्याच हिशेबात राहत नाही. माझे तिसरे वर्ष चालू आहे.

पाळी गेली की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन संपले, असे मलाही वाटे. पण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींतल्या हार्मोनांपासून चरबीत, स्नायूंत ॲरोमाटेज नावाचे एन्झाइम थोडे थोडे इस्ट्रोजेन बनवतच राहते. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणाऱ्या, गाठीला तेवढेही पुरते. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या त्या एन्झाइमलाच अडवतात. पाळी गेलेल्या बायकांत आजार उलटू नये म्हणून त्या टॅमॉक्सिफेन या जुन्या हार्मोनविरोधी गोळीपेक्षा सरस ठरल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ॲनास्ट्रोझोल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

आता दुसरी बाजू. उरलेसुरले इस्ट्रोजेनही गेले की हाडे विरळ होतात, सांधे धरतात. सकाळी माझी मूठ वळत नसे. (बरणीचे झाकण उघडायला नवऱ्याला हाक मारायची, हा घरातला रोजचा कार्यक्रम!) कंटाळून दुसऱ्या वर्षी मी महिनाभर लेट्रोझोल सोडून दिली. तपासणीत कोणी विचारले नाही, मीही बोलले नाही. अशा गुपचूप गोळी सोडणाऱ्या कितीतरी जणी असतात. पुढे एका नर्सने रक्त घेता घेता सहज विचारले, “गोळी झेपते का हो?” तेव्हा कुठे मी तोंड उघडले. डॉक्टरांनी एक्झेमेस्टेनवर नेले आणि निभावले. सगळ्यांनाच बदल मानवतो असे नाही, पण करून पाहता येतो, हेच मला ठाऊक नव्हते.

माझ्या हाडांची घनता पहिल्यांदा मोजली गेली ती दीड वर्षाने. खरे तर गोळी सुरू करतानाच ती पाहायची असते. गरज असेल तर हाडे जपणारे झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन देता येते. पाळी गेलेल्या बायकांत त्याने हाडांत आजार परतण्याचा धोकाही घटतो.

म्हणून मागते ते एवढेच: गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम द्या, पहिल्या चिठ्ठीबरोबरच हाडांची तपासणी लिहून द्या, आणि त्या नर्सचा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारला जाईल असे बघा.

‘औषध यादीत आहे’ हे उत्तर मात्र कृपया नको. मागे गोळ्या संपल्या तेव्हा औषधांच्या खिडकीवर तेच उत्तर मिळाले होते. गोळ्या तीन आठवड्यांनी आल्या.

आपली,
एक रुग्ण