माती नीट न तपासताच ‘योग्य’ म्हटल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
माती परीक्षण व सांडपाणी विभाग

विषय : सेप्टिक टाकीच्या शोषचरांसाठी जमीन योग्य ठरवणारा चुकीचा अहवाल, फेरचाचणी आणि दुरुस्तीची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या जागेतील माती तपासून जमीन योग्य असल्याचा अहवाल दिला आणि त्याच्या आधारे टाकी व शोषचर, म्हणजे टाकीतून येणारे सांडपाणी जमिनीत मुरवणारे चर, बांधून दिले. पावसाचे दिवस सुरू झाले तशी चरांवरची जमीन पाय रुतण्याइतकी मऊ झाली. आता तिथे काळपट पाणी वर येते, वास सुटतो आणि शौचालयातले पाणी नीट उतरत नाही. आपल्या कार्यालयात कळवले तेव्हा ‘टाकी उपसून घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. टाकी उपसली. नऊ दिवसांनी पुन्हा तेच.

ते होणारच होते. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर राहते, पण पाणी जेवढे आत येते तेवढेच बाहेर पडते. ते जमिनीने घेतले पाहिजे, आणि आमची जमीन ते घेत नाही. ती घेईल की नाही हे सांगण्यासाठीच आम्ही आपल्याला पैसे दिले होते.

चाचणीच्या दिवशी मी तिथेच उभी होते. कोरड्या दिवसांत, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असताना, आपल्या तंत्रज्ञांनी एकच खड्डा घेतला, त्यात पाणी ओतले, घड्याळ लावले आणि तासाभरात काम आटोपून ते तंत्रज्ञ निघून गेले. अहवालात लिहिले आहे : 25 मिमी पाणी 3 मिनिटांत मुरले, निचरा उत्तम. आमची माती काळी, चिकण आहे. ओली करून अंगठा आणि बोटात दाबली की तिची लांब पट्टी निघते. अशा मातीत 3 मिनिटे हा आकडा येतो तेव्हा पाणी मुरलेले नसते, भेगांतून पळालेले असते. हा आकडा पाहून ज्याला शंका आली नाही त्याने अहवालावर सही कशी केली, हे मला खरोखर समजत नाही.

चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि भेगा मिटतात. म्हणूनच मोजणीआधी खड्डा भिजवून ठेवतात : निदान चार तास, आणि अशा मातीत रात्रभर, तळाशी 30 सेंमी पाणी कायम ठेवून. टाकी वापरात आली की जमीन रोजच ओली राहणार, तेव्हा मोजायची तीही ओल्या जमिनीत पाणी मुरण्याचीच चाल. आपल्या अहवालात भिजवण्याचा उल्लेखसुद्धा नाही.

म्हणून मी स्वतः, पाऊस उघडलेला असताना, चरांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चरांच्याच खोलीचे तीन खड्डे घेतले. सुरीने भिंती खरवडल्या, कारण फावड्याने चिकणमातीवर गुळगुळीत लेप बसतो आणि पाणी आत शिरत नाही. तळाशी 5 सेंमी खडी टाकली, रात्रभर पाणी ठेवले. सकाळी खडीच्या वर 15 सेंमी पाणी भरून दर अर्ध्या तासाने मोजले आणि पुन्हा तेवढेच भरले. चार तासांनंतरच्या शेवटच्या अर्ध्या तासात पाणी उतरले ते 7, 6 आणि 9 मिमी. म्हणजे 25 मिमीला साधारण 107, 125 आणि 83 मिनिटे. साठ मिनिटांच्या पुढे साधे शोषचर घालू नयेत, हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा ठोकताळा आपल्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत असायला हवा.

याहून गंभीर गोष्ट मला पाऊस सुरू होण्याआधी चरांजवळ झाडासाठी घेतलेल्या दीड मीटर खोल खड्ड्यात दिसली होती. तेव्हा तिचा अर्थ कळला नाही. 70 सेंमीच्या खाली माती राखाडी आहे आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके आहेत. पाणी साचून हवा पोहोचेनाशी झाली की मातीतले लोह विरघळते आणि माती फिकट पडते. जिथे हवा पोहोचते तिथे ते गंजते. हे ठिपके म्हणजे वर्षातले काही महिने पाणी तिथपर्यंत चढते याची खूण, बघायला गेलो त्या दिवशी खड्डा कोरडा असला तरीही. आपण चरांचा तळ 60 सेंमीवर ठेवला आहे. म्हणजे सांडपाणी आणि भूजल यांच्यात जेमतेम 10 सेंमी माती. निदान 60 सेंमी, शक्यतो त्याहून अधिक हवेशीर माती मध्ये असावी लागते, कारण जंतू अडतात आणि मरतात ते तिथेच. तो खड्डा घेण्याचे काम आपले होते.

उताराच्या खालच्या अंगाला आमची विहीर आहे. तिचे पाणी तपासायला दिले आहे आणि निकाल येईपर्यंत घरातली मुलेसुद्धा उकळलेलेच पाणी पितात. टाकी उपसण्याचा खर्च मी सहन करेन, पण ही काळजी मला रोज झोपू देत नाही. आणि समजा, ते 3 मिनिटे खरे असते, तरी इतक्या झपाट्याने जाणारे पाणी वाटेत कितपत गाळले जाईल हा प्रश्न विहीर समोर दिसत असताना कोणी विचारायला नको होता का?

माझी मागणी अशी. जमीन ओली असतानाच, मातीची जाण असलेल्या माणसाकडून, भिजवलेल्या किमान तीन खड्ड्यांत आणि एका खोल खड्ड्यात फेरचाचणी करा आणि प्रत्येक थराचा रंग, पोत, ठिपके अहवालात लिहा. त्यानुसार नवी रचना द्या. वाळूचा उंच भराव घालून त्यावर पाणी सोडावे लागणार असेल तर तोही खर्च कंपनीचाच. तोवर टाकी उपसण्याचा भार आपण उचलावा. त्याच कोरड्या दिवसांत ज्या इतर ग्राहकांना आपण असेच अहवाल दिले, त्यांनाही कळवा. त्यांच्याही विहिरी असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक न्यायालयात जाईन. माझ्या मोजणीची वही आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चारही खड्डे फळ्या टाकून झाकून ठेवले आहेत. पावसाने भिंती ढासळण्याआधी माणूस पाठवावा.

आपली,
एक ग्राहक